आत्याच्या कॅसेटी आणि पांढरी पाच

आत्याच्या घरगुती बैठकींच्या 27 कॅसेटी आमच्या ग्वाल्हेरच्या घरी, दौलतगंजात, माळ्यावर पडून होत्या. भाचीला त्यांच्यासोबत रियाज करायचा होता, म्हणून प्रत्येकीची पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठल्या सुरावर आहे ते, शोधून द्यायचं मी कबूल केलं. मला स्वतःला पट्टी ओळखता येत नाही. (ग्वाल्हेरात राहून हे सांगायची लाज वाटते.) तेव्हा कॅसेटी लॅपटॉपवर भरून घेतल्या आणि काम लिब्रोसा या पायथनमधल्या, ध्वनी तपासणाऱ्या लायब्ररीवर सोपवलं.

पहिल्या नऊ कॅसेटींचा निकाल एकच: जी मेजर. म्हणजे पांढरी पाच, पेटीच्या सप्तकातलं पाचवं पांढरं बटण. आत्याही पांढरी पाच, तिच्याकडे येणारे बुवाही पांढरी पाच, आणि जिच्यात नुसती तबल्याची ठोकाठोक होती तीही पांढरी पाच!

हेडफोन लावून ऐकलं तेव्हा उलगडा झाला. मागे बारीक घूं चालू होती, विजेची, 50 हर्ट्‌झची. खालच्या सप्तकातला जी हा सूर असतो 49 ला. घूंची दुप्पट, चौपट जीजवळच पडते आणि तिप्पट, 150, डीजवळ. सा आणि पंचम आयतेच! लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर सगळ्या कॅसेटी पुन्हा भरल्या. घूं गेली.

मग मारवा राग आडवा आला. प्रोग्रॅम सगळे सूर बारा घरांत गोळा करून मेजर-मायनरच्या 24 साच्यांशी ताडून बघतो. मारव्यात सा लपवतात, त्यामुळे त्याने धैवतालाच सा ठरवलं. शेवटी प्रत्येक कॅसेटचा सुरुवातीचा, नुसत्या तंबोऱ्याचा तुकडाच दिला.

उत्तर आलं 220 हर्ट्‌झ, पांढरी सहा. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मेल्या, काळी चारच्या वर मी कधी गेले नाही. टेप पळतोय तुझा."

पुन्हा कान लावला. टेपमध्येच भरली गेलेली एक पुसट घूं उरली होती आणि ती निघाली 53 वर! मूळ बैठक भरताना टेपरेकॉर्डर हळू फिरला असणार, म्हणून आता सगळंच चढं वाजतं. 220 ला 53 ने भागून 50 ने गुणलं: 207.5. काळी चार. त्या काळी वीजही नेमकी 50 वर कुठे असायची, म्हणून हा पुरावा तसा कच्चाच. पण आत्याशी जुळला.

एक कॅसेट सेलवरच्या टेपरेकॉर्डरची आहे, तिच्यात घूंच नाही. ती आत्यापुढे ठेवली आहे.