होबी 16 : हॅलयार्डचं काम, पैसे जिबवर

होबी 16 म्हणजे जोडनावेसारखी छोटी शिडाची बोट. पावसाळाभर ती ट्रॉलीवरच असते, म्हणून डोलकाठी आडवी करून दोन्ही हॅलयार्ड (शीड वर चढवायचे दोर) काढले आणि बेलापूरला इमारतीच्या गच्चीवर पसरले. मुख्य शिडाचा दोर नुसता कडक झाला होता. जिबचा, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाचा, मात्र 3 मिमी स्टीलच्या वायरचा, आणि गडबड नेहमीच्या जागी होती: मधली वायर चकचकीत, पण फेरूलच्या (वायरचं टोक आवळणाऱ्या धातूच्या नळीच्या) तोंडाशी बारीक तारा तुटून काट्यासारख्या वर आलेल्या. स्टेनलेस स्टीलचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. फेरूलच्या आत खारं पाणी कोंडून राहतं, तिथे तो मिळत नाही आणि गंज आतून खात जातो. वायर तपासताना मधे बोट फिरवून समाधान मानू नका, टोकं बघा.

आता नवा दोर कोणता? बरेचजण आधी मुख्य शिडाला डायनीमा (फार मजबूत, जवळजवळ न ताणणारा कृत्रिम धाग्याचा दोर) लावतात. मला हे उलटं वाटतं. होबीचं मुख्य शीड वर चढलं की डोलकाठीच्या माथ्यावरच्या हुकात अडकतं. अडकल्यावर हॅलयार्डवर भार उरत नाही, पुढची कड ताणायचं काम खालचा डाउनहॉल (शीड खाली ओढणारा दोर) करतो. हॅलयार्ड खाली क्लीटला (दोर धरून ठेवणाऱ्या पकडीला) बांधून शीड वर धरलं असतं, तर डोलकाठीवर शिडाच्या ओढीच्या दुप्पट दाब आला असता. हुकामुळे तो निम्म्यावर येतो. म्हणजे हा दोर फक्त चढवण्या-उतरवण्यापुरता. त्याला 5 मिमीचा साधा पॉलिएस्टर पुरतो आणि हाताला काचतही नाही. लांबी डोलकाठीच्या दुपटीहून थोडी जास्त.

जिबचं तसं नाही. त्याच्या पुढच्या कडेत वायर असते. हॅलयार्ड ताणला की फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) ढिला पडतो आणि डोलकाठी पुढून धरून ठेवायचं सगळं काम त्या एका दोरावर येतं. तो दोन सेंटीमीटर जरी सैलावला तरी डोलकाठी मागे जाते, जिबची कड झोल खाते आणि बोट वाऱ्यावर चढत नाही. दुपारी वायव्येचं वारं सुटल्यावर वाशीच्या दिशेनं टॅक मारत (वाऱ्यासमोर नागमोडी) जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून जिबला 4 मिमीचा बारा पदरी डायनीमा घेतला. जाडी सारखी धरली तर तो वायरच्या साधारण दुप्पट भार सोसतो आणि वजन सातव्या हिश्श्याच्या आसपास. डायनीमाला गाठ मात्र मारू नका. तो इतका गुळगुळीत असतो की बोलाइनची गाठ सरकते, आणि टिकली तरी दोराची निम्मी ताकद गाठीतच जाते. स्प्लाइसच करा, म्हणजे टोक दोराच्याच पोटात ओवा: शेपूट दोराच्या जाडीच्या 72 पट आत गेलं पाहिजे, म्हणजे इथे 29 सेंटीमीटर. शेवटच्या भागातले पदर एकेक कापून टोक निमुळतं करा, नाहीतर जिथे शेपूट संपतं तिथे दोर एकदम बारीक होऊन कमकुवत होतो. वरून धाग्याचे चार टाके. फिड (दोर ओवायची जाड सुई) नसेल तर पातळ तार दुमडून वापरा, छान चालते.

खालच्या टोकाला 2:1 आणि 3:1 अशा कप्प्या एकापुढे एक लावून 6:1, म्हणजे सहापट ओढ, केलं. क्लीटमध्ये जाणारी शेपटी पॉलिएस्टरची, कारण बारीक डायनीमा क्लीट धरत नाही. पॉलिएस्टर ताणतो खरा, पण तिथे सहावा हिस्साच भार येतो. कप्प्या आणि शॅकल (जोडायच्या कड्या) मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात. फक्त कप्पीचं चाक बघून घ्या. वायरच्या चाकाची खाच अरुंद असते आणि जुन्या वायरनं तिच्या कडा धारदार केलेल्या असतात. त्यावर दोर चढवला तर एका हंगामात कुरतडला जातो. मी चाकं बदलली आणि आसपासच्या कडा कानस मारून, पॉलिश पेपरनं घासून घेतल्या.

दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांना हुक दाखवला. त्यांना तो आवडला नाही. "वारा अंगावर आला तर वर अडकलेलं शीड खाली कसं घेशील रे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून डोलकाठी आडवी असतानाच शीड ताणून धरायचं आणि हुक सोडायचा सराव केला, मित्राला सोबत घेऊन, दोघांनाही डोळे मिटून जमेपर्यंत. हुकाच्या तोंडावरचा खडबडीतपणा घासल्यावर तो बराच सहज सुटायला लागला. तरी काकांचं मत कायम आहे.

डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. ही काठी आठ मीटरच्या वर जाते आणि ॲल्युमिनियमची असते. विजेच्या तारांना लागून झालेल्या अपघातांमुळेच अमेरिकेत या बोटीच्या डोलकाठीचा वरचा भाग फायबरग्लासचा करावा लागला. ट्रॉलीवर उभी डोलकाठी घेऊन रस्ता ओलांडायचा नाही, आणि खाडीवरून गेलेल्या उच्चदाब वाहिन्यांपासून तर लांबच राहायचं.

नव्या स्प्लाइसला पहिल्या भारात बैठक येते, तेव्हा दोर थोडा लांबतो. खांब आणि ट्रॉली यांच्यात त्याच 6:1 नं ताणून रात्रभर ठेवला, मग क्लीटची जागा ठरवली. बोट किनाऱ्यावर आली की जिबचा ताण सोडायचा, कारण डायनीमा सततच्या भाराखाली हळूहळू लांबतच राहतो.

शिल्लक काम: शिडाखालच्या क्लीटचे रिव्हेट. स्टीलचे रिव्हेट ॲल्युमिनियममध्ये थेट ठोकले की भोवती पांढरी पूड जमते, म्हणून मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) शोधतोय. ठाणे-नवी मुंबईत सुटे कुणाकडे मिळत असतील तर सांगा, पूर्ण पेटी नको आहे.