मावशी, ते तेल आणू नकोस

परवा इथे जपानात रात्री साडेअकराला, म्हणजे तुमच्याकडे भारतात आठ वाजता, मावशीचा व्हॉइस मेसेज आला. मार्चअखेर येतेय साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला, तुला मेतकूट, भाजणी, कोकम सगळं आणतेय, आणि हो, गुडघ्यासाठी आमच्या वैद्यांनी ते विजयाचं तेल दिलंय, दोन थेंब जिभेखाली टाकते, झोप इतकी छान लागते म्हणून सांगू, तुलाही झोप नाही ना, एक बाटली जास्तीची घेते. पुढे हसून म्हणाली, "अरे भांगेचंच आहे, पण औषधी. पावती आहे माझ्याकडे."

मी ताडकन उठून बसलो. बायको म्हणाली काय झालं, मी म्हटलं मावशी नारिता एअरपोर्टवर अटक व्हायला येतेय.

आता तुम्ही म्हणाल काय हा घाबरटपणा. पण मला पावतीवाल्या, दुकानात उघड मिळणाऱ्या, पाकिटावर हिरवं पान छापलेल्या वस्तूचा अनुभव आहे, आणि तो कधी लिहिला नव्हता कारण त्यात माझी थोडी लाज आहे. लिहितो आता.

2023चा सप्टेंबर. आमचा एक नागपूरकर मित्र आहे, टोकियोत आमच्याच निशिकासाई भागात राहतो, त्याला इथे भाऊ म्हणू. भाऊ एका शनिवारी आला तो खिशातून चमकदार पाकीट काढतच. गमी. आपल्या जेली गोळ्या असतात ना, साखर लावलेल्या, तशाच. वर लिहिलेलं एचएचसीएच, हेम्पपासून म्हणजे भांगेच्या झाडापासून बनवलेलं, क्यूआर कोड, कोड स्कॅन केला की लॅबचा रिपोर्ट, त्यात टीएचसी आढळलं नाही. "अबे लीगल आहे, कार्डानं घेतलं, पॉइंट पण मिळाले," भाऊ म्हणाला. आणि तेव्हा ते खरंच लीगल होतं, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, सवय करून घ्या.

हे एचएचसीएच काय प्रकरण आहे ते मला नंतर कळलं. गांजातलं चढणारं द्रव्य म्हणजे टीएचसी, ते जपानात बंद. मग त्या टीएचसीमध्ये हायड्रोजन घातला की होतं एचएचसी. तेलाचा डालडा करतात ना, तीच युक्ती. जपानने मार्च 2022मध्ये एचएचसी बंद केलं. या रेणूंना कार्बनची एक शेपटी असते, पाच कार्बनची. ती सहाची केली की नाव बदलतं, आणि कायद्याच्या यादीत नाव नाही म्हणजे वस्तू कायदेशीर. सहावाल्या शेपटीचं टीएचसीएच आलं, ते ऑगस्ट 2023मध्ये बंद झालं, तर लगेच त्याचाच डालडा, एचएचसीएच, काउंटरवर. पाकिटावर हेम्प लिहितात पण सहा कार्बनवाली ही शेपटी झाडात जवळजवळ सापडतच नाही, ती जोडतात प्रयोगशाळेत. माणसांवर याचा धड अभ्यास कोणी केलेला नाही. थोडक्यात अभ्यास करणारे आपणच, तेही पैसे देऊन. यादीत नसणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इंजिनिअर असून आम्हा दोघांना त्या शनिवारी सुचलं नाही.

भाऊने एक खाल्ली. तासभर काही नाही. "अबे हे तर च्युइंगम निघालं," म्हणून दुसरी खाल्ली. पोटातून जाणारा माल उशिरा चढतो, तास-दोन तास घेतो, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी कुकर लावला, वरण-भात झाला, आणि भाऊ ताटाकडे बघून म्हणाला की त्याचे हात त्याचे नाहीयेत. मग घाम, मग उलटी, छातीत नुसतं धडधड. "मी मरून राह्यलो का बे?" हे तो दर मिनिटाला विचारायचा, आणि त्याच्या मते दोन प्रश्नांत तासाचं अंतर असायचं. मी त्याच्या डोक्याशी बादली धरून बसलेलो. अंघोळीची निळी बादली, अजून आहे.

119ला, म्हणजे इथल्या ॲम्ब्युलन्सच्या नंबरला, फोन करायची माझी हिंमत झाली नाही. व्हिसा, ऑफिस, घरमालक, सगळं डोळ्यांपुढून गेलं. शेवटी #7119 लावला, ॲम्ब्युलन्स बोलवायची का ते विचारायचा टोकियोतला नंबर. माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं की मित्राने गमी खाल्ली, साधी नाही, ती दुसरी. पलीकडच्या बाईंनी एकदाही विचारलं नाही की कुठून आणली, कोण तुम्ही, रेसिडेन्स कार्डाचा नंबर काय. श्वास कसा आहे, हाक मारली तर ओ देतो का, कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, बेशुद्ध झाला तर लगेच 119. तिसऱ्यांदा मला कळलं नाही तेव्हा त्यांनी तेच वाक्य लहान मुलाला सांगावं तसं तुकडे करून सांगितलं. मी फोन ठेवला आणि आधी मीच रडलो. आपल्याकडे असं झालं असतं तर, असं लिहिणार होतो, पण आपल्याकडे शेजारचे काका स्कूटरवर घालून घेऊन गेले असते आणि वाटेत कानफटातही मारली असती. त्याचंही एक मोल आहे.

पहाटे भाऊ झोपला, दुपारी उठून दोन वाट्या ताक प्यायला आणि गेला. पाकीट माझ्या फ्रिजमध्ये, कैरीच्या लोणच्यामागे, राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं. आमचे पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल इथल्या रात्री चालतात, झोपेचं खोबरं झालेलं, आणि एकदा, एकदाच, मी अर्धी खाल्ली. सकाळी अकराला जाग आली, ऑफिसची स्टँडअप मीटिंग हुकली. लीगल होतं.

मग 4 नोव्हेंबरला पश्चिम टोकियोत कोगानेईच्या मुसाशिनो पार्कमधल्या उत्सवात चाळिशीतल्या एका माणसाने लोकांना गमी वाटल्या, पाच जण हॉस्पिटलात गेले. ओसाकात बनवलेल्या, आत एचएचसीएच. टीव्हीवर आठवडाभर गमी, गमी, गमी. 22 नोव्हेंबरला सरकारने नाव यादीत घातलं, अंमल 2 डिसेंबरपासून. त्यानंतर नुसतं जवळ बाळगलं तरी 3 वर्षांपर्यंत तुरुंग किंवा 30 लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे शुक्रवारी रात्री 11:59ला माझ्या फ्रिजमध्ये खाऊ आणि 12:00ला गुन्हा.

आणि मी ते विसरलो होतो! शुक्रवारी, 1 तारखेला, रात्री नऊला भाऊचा फोन, "अबे ते फेकलं ना?"

इथे कचरा हा वेगळाच धर्म आहे. आमच्याकडे जळणारा कचरा सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठच्या आत. गुरुवार कालच गेलेला. पिशवी पारदर्शक हवी, म्हणजे तुमचं खरकटं अख्ख्या गल्लीने बघितलं पाहिजे. पाकीट प्लास्टिक, ते वेगळ्या दिवशी, धुऊन. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी पिशव्यांवर लक्ष ठेवून असतात, एकदा माझी पिशवी दारात परत आणून ठेवली होती, नारळाच्या शेंडीवरून काहीतरी चुकलं होतं, काय ते अजून कळलेलं नाही. इथे येऊन सहा वर्षं झाली, आजही बाटलीचं झाकण एकीकडे, लेबल एकीकडे करताना माझं डोकं फिरतं. त्या आजींच्या डोळ्यांदेखत हिरव्या पानाचं पाकीट? शक्यच नाही.

म्हणून मी गमी चहाच्या पातेल्यात घालून गरम पाण्यात उकळल्या. जिलेटिन विरघळतं, पण गूळ तळाला लागावा तसा एक हिरवा थर पातेल्याला चिकटला. पाणी संडासात ओतलं, तीनदा फ्लश केला. पातेलं घासलं, लिंबू लावलं, सोडा लावला, तरी वास येतोय असंच वाटत राहिलं. त्यात परत चहा करणं अशक्य. पातेलं म्हणजे न जळणारा कचरा, तो महिन्यातून दोनदा, दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी. म्हणजे 12 तारखेपर्यंत बाल्कनीत एक पातेलं उपडं, आणि रात्री बेल वाजली की माझ्या पोटात गोळा. बेल बहुतेक वेळा कुरिअरवाल्याची.

पुढे 6 जानेवारी 2024पासून त्यांनी एकेक नाव घालत बसण्यापेक्षा अशा रचनेच्या रेणूंचा अख्खा गटच बंद केला. बरं झालं. इतकी शिस्त असलेल्या देशाला हे आधी का सुचलं नाही, हा माझा प्रश्न आहे. दुकानं उघड चालू होती की. मग आम्हीच काय मूर्ख?

ऑफिसात तेव्हा एकाने विचारलं, तुमच्याकडे सणाला सगळे भांग पितात ना? मला उगाच राग आला. मी त्याला सांगितलं की आमच्या 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं पान आणि बी गांजात धरत नाहीत, फुलाफळांचे शेंडे धरतात, आणि महाराष्ट्रात भांगेला परवाना लागतो, आणि आमच्या घरी महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी आणि कवठाची चटणी असते. आणि तुम्ही उदोन नूडल्सवर जो शिचिमी मसाला भुरभुरवता त्यात हेम्पच्याच बिया असतात, माझ्या मुलीच्या बारशाला तुम्हीच दिलेल्या अंगड्यावर हेम्पच्या पानाची नक्षी आहे! नक्षी खरंच आहे, आसानोहा म्हणतात तिला, हेम्पसारखं मूल सरळ आणि भराभर वाढावं म्हणून. अंगडं सुंदर होतं. तो बिचारा गप्प झाला, मग मलाच वाईट वाटलं.

तर मावशी. तुझं तेल भारतात वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं, मान्य. पण विजयाच्या अर्कात टीएचसी असतं आणि इथे 12 डिसेंबर 2024पासून तेलात त्याची मर्यादा 10 पीपीएम आहे, म्हणजे किलोभर तेलात 10 मिलिग्रॅम. आणि त्याच दिवसापासून नुसतं सेवन केलं तरी 7 वर्षांपर्यंत तुरुंग. तुझी पावती इथे कोणी वाचणार नाही, ती मराठीत आहे.

हे सगळं तिला पाठवलं. दोन निळ्या टिका. अर्ध्या तासाने उत्तर आलं: "बरं बाबा, नाही आणत. एवढं कशाला ओरडतोस. मग नुसतं महानारायण तेल आणू का, चोळायला?"

मी लिहिलं, बाटलीचा फोटो पाठव. दोन्ही बाजूंचा.