दोन कॉलम, आठ सेंटीमीटर

केळकर रस्त्यावरच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी पेपरच्या जाहिराती घेते. भाड्याने देणे, पाहिजेत, नावात बदल, मूळ खरेदीखत गहाळ, आणि या सगळ्यांत रोजची एखाददुसरी श्रद्धांजली. श्रद्धांजलीचं मॅटर लिहायला डोकं लागत नाही, असं या धंद्यात सगळेच मानतात. नाव, वय, काय करायचे, मागे कोण कोण, संपलं. 'वृद्धापकाळाने' की 'अल्पशा आजाराने', एवढाच काय तो प्रश्न. बाकी पुण्यात गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ आणि परोपकारी असतो. पार्किंगवरून अख्ख्या सोसायटीशी वैर धरलेले गृहस्थसुद्धा आमच्या टेबलावर आले की 'सर्वांना आपलंसं करणारे' होऊन बाहेर पडतात.

नवख्यांसाठी सांगते. दोन-चार ओळींची निधनवार्ता पेपरवाले फुकट छापतात, पण काय ठेवायचं आणि काय कापायचं ते त्यांच्या हातात. आपल्याला हवं ते छापून यायला हवं असेल तर पैसे भरून जाहिरात द्यायची. तिचा दर चौरस सेंटीमीटरवर, वर पाच टक्के जीएसटी. म्हणजे दुःख कितीही मोठं असलं तरी शेवटी पट्टीने मोजावं लागतं. लोकांना ते सांगताना मला अजूनही अवघड वाटतं, पण न सांगून भागत नाही.

त्या जानेवारीत एका सकाळी तिघं आली. ऐंशीच्या घरातल्या काकू, पन्नाशीचा मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी. वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं आदल्या संध्याकाळी आटोपलेलं. वडिलांना घरात, वाड्यात, कारखान्यात सगळे नानाच म्हणायचे, म्हणून मीही इथे नानाच म्हणते. मुलाने मॅटर टाइप करून आणलं होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले निवृत्त कर्मचारी, वय ८४, नेत्रदान केलं, आणि खाली 'छंद' म्हणून अशी यादी: आकाशदर्शन, तिकीटसंग्रह, गुलाब, शास्त्रीय संगीत, भटकंती.

"एवढे छंद जागा खातात," मी म्हटलं. "दोन ठेवा. नाहीतर 'विविध छंदांची आवड होती' असं लिहू."

"विविध म्हणजे काय?" काकू म्हणाल्या. "विविध भारती आहे का ती?"

मी गप्प बसले. काकूंनी यादीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "आणि विणकाम राहिलं."

"आई, ते नको," मुलगा पटकन म्हणाला.

"का नको?"

"पेपरात येणार ते. ऑफिसातले लोक वाचणार."

विणकामाची हकिगत मुलीने सांगितली. पहिलं नातवंड होणार होतं तेव्हा काकू बाळासाठी स्वेटर विणत होत्या. अर्धा झाला आणि त्या न्हाणीघरात घसरून मनगट मोडून बसल्या. नाना नुकतेच निवृत्त झालेले. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून काकू सांगायच्या, दोन सुलट, दोन उलट, आणि नाना समोर स्टुलावर बसून विणायचे. आयुष्य टूलरूममध्ये काढलेला माणूस. टाक्याचं माप व्हर्नियरने घेता येत नाही, एवढी एकच तक्रार होती म्हणे. काकूंचा हात बरा झाला तरी सुया काही त्यांना परत मिळाल्या नाहीत. पुढे सगळ्या नातवंडांचे स्वेटर, सोसायटीच्या वॉचमनची कानटोपी, सगळं नानांच्या हातचं.

"लोक हसतील, आई."

"तुझ्या अंगात काय आहे ते बघ आधी," काकू म्हणाल्या.

त्याच्या अंगात करड्या रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर होता. व्ही गळा, बगलेत टाके इतके नीट उतरवलेले की मी तो विकतचा समजले होते. मुलगा खाली बघत राहिला. बहीण मात्र हसली, आणि मग तिलाच रडू आलं. मी पाणी दिलं.

तोवर मला खरं तर घाई होती. दुपारपर्यंत मॅटर पाठवायचं म्हणजे प्रूफ अकरापर्यंत हातात हवं, आणि मागे दोन खरेदीखतवाले थांबलेले. पण नानांनी घरी केलेल्या दुर्बिणीच्या सालावरून भावंडांची जुंपली आणि माझी घाई कुठल्या कुठे गेली.

मुलगा म्हणे १९८४, मुलगी म्हणे १९८६. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची, आणि दुर्बिणीच्या कामात तीच नानांची मदतनीस. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून नानांनी सहा इंची दुर्बीण घरी करायची ठरवलं. टिळक स्मारकात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. नाना तिथल्या लोकांत जाऊन बसायचे, विचारून घ्यायचे. दुर्बिणीचा आरसा करायला दोन जाड गोल काचा लागतात. एक खाली घट्ट बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं, आणि वरची काच पुढे-मागे घासत भोवती फिरत राहायचं. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. त्यासाठी नानांनी वाड्याच्या अंगणात काकूंचं पाण्याचं पिंप उपडं घातलं होतं. ("परत दिलंच नाही," काकू.) कारखान्यातून आल्यावर रोज तासभर पिंपाला प्रदक्षिणा. वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, नाना, नवस बोललाय का?

मुलीचं काम धुण्याचं. जाड पुडीवरून बारीक पुडीवर जाताना हात, तसराळं, फडकं, सगळं स्वच्छ. जाड पुडीचा एक कण जरी राहिला तरी काचेला ओरखडा, आणि ओरखडा गेला नाही तर पुन्हा मागच्या पुडीपासून सुरुवात. "मी धुतलेलं नाना तपासायचे नाहीत," ती म्हणाली. "मला त्याची फार भीती वाटायची. तपासत का नाहीत!" हे सांगताना तिने दोन्ही तळवे माझ्या टेबलावर पालथे घातले आणि नखं बघितली. एवढं महिनोन्‌महिने घासून त्या सहा इंची काचेच्या मध्यभागी पडणारा खोलगटपणा जेमतेम मिलिमीटरभर असतो. मला हे ठाऊक नव्हतं. मी तिला दोनदा विचारलं.

मार्चमध्ये एका पहाटे वाड्यातली पंधरा-वीस माणसं टेम्पोत घालून नानांनी खडकवासल्याच्या धरणापाशी नेली. हॅलेने त्या खेपेला आपल्याकडे निराशाच केली. दक्षिणेकडे खाली, फिकट, शेपटी शोधावी लागत होती. "हा? हा कापसाचा बोळा?" असं वाड्याचे मालक म्हणाले. नाना अजिबात खट्टू झाले नाहीत. त्यांनी दुर्बीण फिरवून शनीवर लावली. त्या वर्षी पहाटे शनी चांगला वर असायचा आणि कडी छान उघडलेली होती. मालक डोळा लावून बसले ते उठेचनात. धूमकेतू दाखवायला नेलं आणि शनी दाखवून आणलं, असं वाड्यात पुढे कित्येक वर्षं म्हणत.

"म्हणजे १९८६च," मी म्हटलं. मुलगा ऐकेना. शेवटी काकूंनी पिशवीतून एक चोपडी काढली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेली.

नानांची जमाखर्चाची वही. अशा पुष्कळ आहेत म्हणाल्या, पण याच्यात 'त्या सगळ्याच्या तारखा' म्हणून ही आणली. पानावर उभे रकाने: भाडं, किराणा, दूध, शाळा, औषध, येणंजाणं, आणि शेवटचा रकाना 'हौस'. दर महिन्याला हौशीला ठरावीक रक्कम, आणि त्या रकान्यातच दुर्बिणीच्या काचा, पूड, टपाल तिकिटं वहीत चिकटवायची हिंज, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला कुंडी नेण्याची रिक्षा, सवाई गंधर्वची दोन तिकिटं. कायम दोन. सवाई रात्रभर चालायचं तेव्हा मुलांना मामाकडे ठेवून दोघं रमणबागेत बसायची आणि भैरवी ऐकून पहाटे चालत घरी. महिन्याची रक्कम संपली की रकाना बंद. काचांची नोंद १९८५ची निघाली, त्यामुळे दोघं आपापल्या परीने बरोबर, असं मीच जाहीर केलं.

मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेली ती वही वाचायचा मोह मला आवरला नाही, हे कबूल करते. एका पानाच्या कोपऱ्यात पानशेतच्या पुराची आठवण होती, वीस वर्षांनंतर लिहिलेली. १२ जुलै १९६१ला नारायण पेठेत घरात पाणी शिरलं तेव्हा नाना विशीतले. तिकिटांच्या वह्या भिजून गेल्या. त्याबद्दल एवढंच लिहिलं होतं: लिफाफ्यावरून तिकीट सोडवायला कोमट पाण्यात अर्धा तास लागतो, पानशेतने सगळी एका दिवसात सोडवली.

मुलगी पुढची पानं उलटत होती. ती १९९५च्या पानांवर थांबली. ती त्या वर्षी इंजिनिअरिंगला लागली होती. शाळेच्या रकान्यात कॉलेजची फी, आणि हौशीच्या रकान्यात जूनपासून नुसत्या आडव्या रेघा. सप्टेंबरमध्ये मात्र एक नोंद: 'झेलम एक्स्प्रेस, आग्रा, तिकीट रद्द', आणि परत आलेली रक्कम फीच्या खात्यात जमा.

२४ ऑक्टोबर १९९५चं खग्रास सूर्यग्रहण. दिवाळीत आलेलं. आग्र्याजवळच्या फतेहपूर सिक्रीहून खग्रास दिसणार होतं, पुण्यातून खंडग्रासच.

"मला म्हणाले होते, रजा मिळाली नाही," मुलगी म्हणाली. "गच्चीत दुर्बीण लावून पांढऱ्या कागदावर सूर्याचं प्रतिबिंब दाखवलं आम्हाला. म्हणाले, बरं झालं, तिकडे एकट्याने बघितलं असतं."

कुणी काही बोललं नाही. खरेदीखतवाल्यांपैकी एक जण उठून बाहेर चहाला गेला. मग मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हे लिहायचं. कसं लिहितात ते तुम्हाला माहीत. कुटुंबासाठी त्याग वगैरे."

मी की-बोर्डवर हात ठेवला. असली वाक्यं माझ्याकडे तयार असतात. पण काकूंनी माझ्या मनगटाला हात लावला.

"हे नको. ह्यांनी घरात सांगितलं नाही, ते आपण पेपरात सांगायचं?"

"तुला माहीत होतं, आई?"

"वही मी रोज बघायची," काकू म्हणाल्या, आणि चोपडीला सुतळी गुंडाळायला लागल्या.

काकूंचं बरोबर होतं. 'कुटुंबवत्सल' हा शब्द मी आजवर इतक्या जणांना चिकटवलाय की त्याची गादी झालीय, कुणीही बसावं. त्या दिवशी मी तो टाइप केलेला होता, तो खोडला. मुलाने विचारलं, जागा उरली का? म्हटलं, थोडी. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, "विणकाम टाका. शेवटी नको, मध्ये टाका."

मॅटर असं झालं: 'खडकी येथील दारूगोळा कारखान्यातील निवृत्त कर्मचारी. त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान करण्यात आले. आकाशदर्शन, तिकीटसंग्रह, विणकाम, गुलाब, शास्त्रीय संगीत आणि भटकंती यांची त्यांना हौस होती.' पुढे पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं. सहा सेंटीमीटरची जाहिरात आठवर गेली. मी वाढीव रक्कम सांगितली, मुलाने फोन काढला, क्यूआर कोड शोधायला लागला.

"थांब," काकू म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी एक खाकी पाकीट काढलं. वर नानांच्या अक्षरात 'हौस', आणि खाली महिना. पेन्शन झाली की दर महिन्याला पैसे वेगळे काढून ठेवायचे. "या महिन्यात काही घेतलंच नाही त्यांनी. ह्यातून घ्या."

पाकिटात पुरेसे नव्हते. वरचे मुलाने घातले. मी नोटा मोजल्या, सुट्टे परत केले.

"आणि पावती द्या," काकू म्हणाल्या. "वहीला लागते."