कर भरतात मुंबईत, कमावतात कुठे?

म्युनिकला राहायला गेल्यावर लक्षात आलं, की "कमावतो आम्ही आणि उडवतात दुसरेच" ही तक्रार काही एकट्या मुंबईची नाही. म्युनिक ज्या जर्मन राज्याची राजधानी आहे, त्या बव्हेरियात ती चहा-कॉफीसोबत मिळते. बव्हेरियाची लोकसंख्या साधारण 1 कोटी 30 लाख, म्हणजे जवळपास एका मुंबईएवढी. पण बीएमडब्ल्यू तिथली, सीमेन्स तिथली, विम्यातली आलियान्झ तिथली. जर्मनीत श्रीमंत राज्यांचा पैसा गरीब राज्यांकडे वळवतात. 2023 साली असे सुमारे 18 अब्ज युरो वळवले गेले आणि त्यातले निम्मे, 9 अब्जांहून जास्त, एकट्या बव्हेरियाचे.

आणि सगळ्यांत जास्त घेणारं राज्य कोण? राजधानी बर्लिन. बर्लिनने 2018 मध्ये पाळणाघरांची फी उरलीसुरली तीही माफ केली, तेव्हापासून बव्हेरियन माणसाच्या हाती कोलीतच मिळालंय. आमच्या पैशावर त्यांची पोरं फुकट सांभाळली जातात, हे वाक्य मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये इतक्यांदा ऐकलंय, की आता सुरुवात झाली की मी सूप आणायला उठते.

हा अभिमान जुना आहे. 1949 मध्ये जर्मनीची राज्यघटना आली, तेव्हा बव्हेरियाच्या विधिमंडळाने तिच्या विरोधात मतदान केलं. मात्र बाकीच्या दोन तृतीयांश राज्यांनी ती स्वीकारली तर आम्हालाही ती बंधनकारक राहील, असंही ठरवून टाकलं. मला हे फार आवडतं. राग नोंदवायचा, पण घर सोडायचं नाही. पैशाच्या वाटपाबद्दलही तेच. 2013 मध्ये हेसे राज्याला सोबत घेऊन ते घटनात्मक न्यायालयात गेले, 2020 पासून पद्धत बदलली, तरी 2023 मध्ये पुन्हा कोर्टाची पायरी चढले.

सध्या सुट्टीवर दादरला मामांकडे आहे. मामा बँकेतून निवृत्त झालेत. या विषयावर त्यांचं एकच पालुपद: "देशातल्या प्रत्यक्ष करांतले तीनातला एक रुपया महाराष्ट्र देतो. आणि परत काय मिळतं? चिल्लर!"

आकडे तसे मामांच्या बाजूचे दिसतात. प्रत्यक्ष कराच्या, म्हणजे मुख्यतः आयकर आणि कंपनी कराच्या, वसुलीत महाराष्ट्राचा वाटा खरोखरच एक तृतीयांशाहून जास्त असतो. आणि राज्यांना वाटून द्यायच्या केंद्रीय करांतून पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राला दिले 6.317 टक्के. उत्तर प्रदेशला 17.939, बिहारला 10.058. 2011 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येतला आपला वाटा 9 टक्क्यांच्या थोडा वर होता, म्हणजे डोकी मोजूनसुद्धा आपल्याला कमीच आलं. कारण सरळ आहे. आयोगाच्या सूत्रात 45 टक्के वजन होतं ते राज्याचं दरडोई उत्पन्न वरच्या राज्यांपेक्षा किती कमी आहे याला. श्रीमंत असाल तर तिथे मार खाणारच. त्यात केंद्र जे उपकर आणि अधिभार लावतं, ते या वाटपात येतच नाहीत. माझ्या मते भांडायचं असेल तर इथे भांडावं. घोषणा देण्याइतकं हे सोपं नाही, पण हक्काचा पैसा इथे अडतो.

मामांचा "तीनातला एक" मात्र मला पचत नाही. माझं काम पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरचं, त्यामुळे कराचा रुपया कुठल्या पत्त्यावर जमा होतो हे बघायची खोडच लागली आहे. टाटा स्टीलचं मुख्य कार्यालय फोर्टात, बॉम्बे हाउसमध्ये. पोलाद तयार होतं जमशेदपूरला आणि ओडिशात. रिलायन्सचं कार्यालय नरिमन पॉइंटला, तेल शुद्ध होतं जामनगरला. स्टेट बँक तर देशभरातल्या शाखांमधून कमावते, लखनौपासून दिब्रुगडपर्यंत. या सगळ्यांचा कंपनी कर हिशेबात येतो तो मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर. झारखंडच्या भट्टीजवळ घाम गाळणाऱ्याने केलेली कमाई मुंबईच्या नावावर चढते आणि आपण ती छाती फुगवून सांगतो.

जर्मनीत हे होऊ नये म्हणून चक्क कायदा आहे. कंपनीने पगारातून कापलेला आयकर कर्मचारी ज्या राज्यात राहतो त्या राज्याच्या खात्यात धरतात, मुख्य कार्यालय कुठे का असेना. कंपनी कराचीही कंपनीच्या शाखा आणि कारखाने ज्या राज्यांत असतील त्यांच्यात विभागणी होते. ही विभागणी आधी होते, मगच कोण देणारा आणि कोण घेणारा हे ठरतं. म्हणून बव्हेरियाची कुरकुर कितीही कंटाळवाणी वाटली, तरी तिच्यातला आकडा पोकळ नसतो.

अर्थात ते एक गोष्ट सोयीने विसरतात. 1950 पासून 1986 पर्यंत बव्हेरिया घेणाऱ्यांत होता. तेव्हा तो शेतकऱ्यांचा मुलूख. कोळसा आणि पोलादाच्या जोरावर पैसे देणारं नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया पुढे स्वतःच घेणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसलं. सीमेन्सचा कारभारही युद्धानंतर बर्लिनहून म्युनिकला आला. बर्लिनचे लोक हे आठवणीने ऐकवतात.

मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही कधी कुणाकडून घेतलं?" मी त्यांच्या फायलीतली जुनी पगाराची स्लिप काढायला लावली. मामांच्या फायली म्हणजे पोस्टाच्या दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, पण हवा तो कागद मिनिटात हाती येतो. फेब्रुवारीची स्लिप होती. व्यवसाय कर: 300 रुपये. बाकी अकरा महिने 200, वर्षाचे 2500. हा कर महाराष्ट्राने 1975 मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972 सारख्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, नाला बांध घालणाऱ्या मराठवाड्यातल्या, नगर-सोलापूरकडच्या मजुराला मजुरी देता यावी म्हणून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून तो कापायला लागले. वि. स. पागे यांनी मांडलेली ही योजना, पुढे तिच्याच वाटेने देशाचा 2005 चा रोजगार हमी कायदा आला. म्हणजे मुंबईने द्यायचं आणि परभणीने घ्यायचं, हे आपण राज्यात पन्नास वर्षं करतोय. त्याविरुद्ध हुतात्मा चौकात कधी मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

"ते आपले लोक," मामा म्हणाले.

बव्हेरियन माणूसही हेच म्हणतो, फक्त त्याची "आपले"ची हद्द डॅन्यूब नदीच्या आसपास संपते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले, ज्या कारणासाठी चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, त्या भांडणात मुंबईचा पैसा होताच. पण मुंबई उरलेल्या महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, हीच तर मागणी होती.

मामा असे ऐकणारे नाहीत. त्यांनी डाव फिरवला. "बरं, आणा तुमचा जर्मन कायदा. टाटांचा कर झारखंडला देऊन टाका. पण मुंबईत नोकरी करणाऱ्या लाखो लोकांचा आयकर तरी मुंबईचाच ना? जकात 2017 मध्ये गेली, महापालिकेचं हक्काचं उत्पन्न गेलं, निदान हे तरी द्या."

इथे मला सांगणं भाग होतं, की जर्मनीत आयकरातला 15 टक्के हिस्सा स्थानिक पालिकेला मिळतो खरा, पण माणूस नोकरी करतो त्या गावच्या नव्हे, राहतो त्या गावच्या पालिकेला.

मामेबहीण डोंबिवलीला राहते, रोज सकाळची लोकल पकडून फोर्टात कामाला जाते. इतका वेळ ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. आता तिने मान वर केली.

"म्हणजे माझा पैसा कल्याण-डोंबिवली महापालिकेला?"

"हो."

"आणि वसईवाल्यांचा वसईला?"

"हो."

"बाबा," ती म्हणाली, "कायदा चांगला आहे हां."

मामांनी स्लिप पुन्हा गठ्ठ्यात घातली आणि मुंबई-डोंबिवलीच्या पालिकांचा नवा वाद सुरू केला, तो जेवणाची पानं वाढेपर्यंत चालू होता.