जामीनदाराची सही अमेरिकेत विचारली जाते तेव्हा

व्हर्जिनियात आमच्या ओळखीतली नागपूरची बरीच पोरं सरकारी कंत्राटांवर काम करतात. इथलं नागरिकत्व मिळालं की अनेकांपुढे सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायच्या परवानगीचा, प्रश्न येतो. गावाकडे हे सांगितलं की लोकांना अंबाझरीच्या आयुध निर्माणीत नोकरी लागल्यावर होणारी पोलीस पडताळणी आठवते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी इथेही होते, पण पैशाच्या व्यवहारात इथले तपासणारे फार खोल शिरतात.

"काहून बा? कर्ज घेणं गुन्हा आहे का?" काकांनी फोनवर विचारलं. गुन्हा नाही. पण कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेला माणूस विकला जाऊ शकतो, ही भीती इथे अनुभवातून आली आहे. सीआयए या अमेरिकी हेरखात्याचा अधिकारी आल्ड्रिच एम्स कर्जात अडकला आणि १९८५ मध्ये त्याने सोव्हिएत हेरखात्याला गुपितं विकायला सुरुवात केली. १९९४ मध्ये पकडला गेला तोवर त्याने ५ लाख ४० हजार डॉलर रोख मोजून घर घेतलं होतं. त्याने ज्यांची नावं फोडली, त्यांतल्या अनेकांना प्राण गमवावे लागले.

क्लिअरन्स द्यायचा की नाही हे १३ निकषांवर ठरतं, त्यातला 'एफ' पैशाचा. एसएफ-८६ नावाच्या लांबलचक फॉर्मच्या २६व्या कलमात दिवाळखोरी, न भरलेला कर, १२० दिवसांच्या वर थकलेलं देणं असं सगळं मागच्या सात वर्षांचं विचारतात; जुगारापायी आलेली पैशाची अडचण मात्र आयुष्यात कधीही आली असली तरी विचारतात. किती डॉलर कर्ज असलं की नकार, असा आकडा कुठेच ठरलेला नाही.

आपल्या लोकांनी नीट वाचावी अशी ओळ याच कलमात आहे. देणं फक्त स्वतःचं नाही, जिथे तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात तेही धरायचं. आता आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे नात्याची बाब. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या एका मित्राने अमेरिकेत येण्याआधी मावसभावाच्या इतवारीतल्या दुकानासाठी पतसंस्थेच्या कागदावर सही केली होती. पुढे दुकान बसलं, हप्ते थांबले. पतसंस्थेच्या नोटिसा महालच्या घरी येत राहिल्या आणि त्याच्या आईने त्या देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिल्या, पोराच्या जिवाला घोर नको म्हणून. फॉर्म भरताना त्याने घरी सहज विचारलं, तेव्हा कुठे हे बाहेर आलं.

ते कर्ज इथल्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे माणसाच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसत नव्हतं. "दिसत नाही तर लिहू नको," असं सांगणारेही भेटले. मला हा सल्ला घातक वाटतो. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय लपवलेलं देणं हीच कुणालाही धमकावायला सापडलेली दोरी. मित्राने सगळं लिहिलं, पतसंस्थेशी बोलून हप्ते बांधून घेतले, शिक्क्याच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह जोडल्या. वेळ लागला, पण क्लिअरन्स मिळाला.

कारण नियमांत माणुसकीलाही जागा आहे. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, घटस्फोट झाला, अशा हाताबाहेरच्या कारणाने कर्ज झालं असेल आणि माणूस जबाबदारीने वागला असेल, तर ते त्याच्या बाजूने धरतात. प्रामाणिकपणे फेड सुरू केली असेल तर तेही. आक्षेप निघालाच तर कारणं लेखी देतात आणि उत्तर द्यायची संधी मिळते. वडिलांच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या कर्जाची लाज बाळगणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगते.

घरच्यांना एवढीच विनंती आहे. मुलाची किंवा मुलीची सही असलेल्या कर्जाचा हप्ता चुकला, तर त्याच महिन्यात फोन करा. क्लिअरन्स मिळाल्यावरही तपासणी थांबत नाही, आता ती सतत चालू असते. पहिल्याच हप्त्याला कळलं तर पैसे पाठवून विषय मिटतो. नोटिशीचं पाकीट न फोडता त्याचा फोटो पाठवला तरी चालेल.