तेल तापलं का हे प्रत्येक घाण्याला बघायचं

काल दुपारपासून नुसता धो धो पाऊस, वर्तकनगरच्या आमच्या गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसेनासा झाला आणि लेकाचा क्लासवरून फोन आला, आई कांदाभजी कर ना. मग काय, कढई चढवली. आणि तळता तळता वाटलं की हे एकदा लिहून ठेवायलाच हवं, कारण माझ्या बहिणीपासून ऑफिसच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या हेच विचारतात, थर्मामीटर नाही तर तेल तापलंय कसं कळतं गं?

भज्याच्या पिठाचा वाटाण्याएवढा गोळा तेलात सोडायचा. तळाशी जाऊन नुसता बसून राहिला तर तेल गार आहे. बुडबुडे काढत दोन-तीन सेकंदांत वर आला की भजी, वडे टाकायला तेल तयार, साधारण १७० ते १८० डिग्री. टाकल्याटाकल्या वर उसळून लगेच लाल झाला तर गॅस बारीक करा, नाहीतर भजी वरून करपतील आणि आतला कांदा कच्चा. पीठ नसेल तर लाकडी उलथनं बुडवून बघा, पण ते कोरडं हवं, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे सतत यायला लागले की तेल तापलं. पाण्याचा थेंब टाकून मात्र कृपा करून कधीच बघू नका. पाणी तेलाच्या खाली जातं आणि तिथे त्याची एकदम वाफ होऊन तेल उडतं. माझा एकदा ओला झारा कढईत गेला होता, त्याचा मनगटावरचा डाग अजून आहे.

पण खरं चुकतं ते इथे नाही. पहिला घाणा सगळ्यांचाच छान निघतो, तेलकट होतो तो दुसरा-तिसरा, कारण आपण तेल एकदाच बघतो. गार पीठ पडलं की तेल उतरतं, त्यात आपण घाईघाईने कढई भरून टाकतो, आणि आमच्याकडे तर पावसात खिडकीतून वारा येऊन गॅसची ज्योत पण फडफडते. तेल गरम असलं की पिठातल्या पाण्याची वाफ जोरात बाहेर येत राहते आणि तेलाला आत शिरू देत नाही. तेल गार पडलं की वाफेचा जोर जातो, वरचं कवच पटकन धरत नाही आणि भजी तेल पितात. म्हणून मी प्रत्येक घाण्याआधी अर्धा मिनिट थांबते, परत एक गोळा सोडते, आणि एका वेळी तेलाचा निम्मा भाग तरी मोकळा दिसेल एवढीच भजी टाकते.

पदार्थाप्रमाणे पण फरक आहे हं. बटाटेवड्याचं सारण शिजलेलंच असतं, फक्त वरचं आवरण तळायचं, म्हणून तेल चांगलं कडक चालतं. पुरीला पण कडकच, नाहीतर फुगतच नाही. करंजी, शंकरपाळी, चकली मात्र मंद ते मध्यम, आतपर्यंत खुसखुशीत व्हायला वेळ लागतो. चकलीला सासूबाई कढईकडे न बघता नुसत्या ऐकतात. सुरुवातीला चुर्रर्र जोरात असतो, मग हळूहळू उतरतो, आणि त्या आतून ओरडतात, "आवाज बसला गं, काढ आता." बुडबुडे कमी झाले म्हणजे आतलं पाणी संपलं, चकली झाली, आणि हे खरंच दरवेळी जमतं.

तेलातून धूर दिसला तर मात्र गॅस बंदच करा आणि थांबा. पेट घेतलाच तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद आणि वर घट्ट झाकण.

आणि काढल्यावर भजी ताटात एकावर एक रचू नका. बाहेर आल्यावर आतली वाफ गार होते तशी वर लागलेलं तेल आत ओढलं जातं, म्हणून झाऱ्यावर नीट निथळून चाळणीत मोकळी पसरायची. काल तिसरा घाणा चाळणीत पडेपर्यंत लेक भिजलेल्या बुटांसकट ओट्याशी हजर होता.