‘पुढाकार कोणाचा?’

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडू नये, हे इथंच वाढलेल्या मला कुणी सांगायला नको. पण सर्वेक्षणाची मुदत संपत आली होती. पूर्व भागातल्या एका वस्तीत लोकांनी स्वतःच्या हातानं काय उभारलंय, ते आर्किटेक्ट म्हणून मला नोंदवायचं होतं.

मंडळाच्या पोरांनी कट्टा दाखवला. फरशी, पत्र्याचं छत, वर फ्लेक्स. वर्गणी कुणाची किती, तेही तोंडपाठ. दोन पानं भरली.

परतताना बोळातला नळ दिसला. उजनीचं पाणी इथं चार-पाच दिवसांनी येतं, तेही दाब नसलेलं. म्हणून नळ खड्ड्यात उतरवलेला. त्या खड्ड्याला शहाबादीच्या तीन पायऱ्या होत्या, हंडा टेकवायला मधे कट्टी, वर फाटक्या चादरीची सावली. पाणी रात्री आलं तर म्हणून वायरवर एक दिवा.

“हे कुणी केलं?”

“कुणी नाही. असंच केलंय,” उंबऱ्यावर विड्या वळणाऱ्या अक्का म्हणाल्या. मांडीवर सूप, हात थांबले नाहीत. “फोटो कशाचा काढालाव?”

खोदून विचारलं तेव्हा कळलं, पाच बायकांचे दोन दिवस गेले होते. मजुरी हजार विड्यांवर. त्या दोन दिवसांत निम्म्याही झाल्या नाहीत. दिव्याचं बिल चार घरं पाळीनं भरतात. अक्कांच्या बहिणीला २००६ साली कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, घर मिळालं. त्यासाठी बायकांनी काढलेल्या मोर्च्यांबद्दल अक्का भरभरून बोलल्या. पायऱ्यांबद्दल मात्र एकेक शब्द ओढून काढावा लागला. मोर्चा म्हणजे लढा, पायऱ्या म्हणजे घरकाम! आणि मीही कट्ट्याला दोन पानं देऊन इथून सरळ निघालेच होते की.

फॉर्मवर ‘पुढाकार कोणाचा’ असा रकाना होता. मी पाचही नावं विचारली.

“मंडळाचं नाव घाला,” अक्का म्हणाल्या. “आमचं घातलं तर उद्या कुणीबी उकरून टाकंल. त्यांच्या कट्ट्याला कोण हात लावतंय?”

मला उत्तर सुचलं नाही. तो रकाना कोरा ठेवला. खर्चापुढं लिहिलं: ‘पाच जणींच्या दोन दिवसांच्या विड्या’.

दुसऱ्या दिवशी, ज्यांच्यासाठी हे सर्वेक्षण करत होते, त्यांचा फोन आला. एक नोंद अपुरी आहे, खर्च रुपयांत हवा. म्हणजे परत जाणं आलं. निघण्याआधी अक्कांना फोन लावला आणि पाणी कधी आहे ते विचारून घेतलं. पाण्याच्या दिवशी जाऊन चालणार नव्हतं.